वाटाडीनं दिवा विझवला

वाटाडीनं दिवा विझवला आणि काटेवाल्यांच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं.

ते विरघळून तळाशी गेलं तरी त्यांना पत्ता नव्हता. डोळे टीव्हीला चिकटलेले, आणि चेहरा असा, की भर बाजारात कुणीतरी त्यांच्या मापात खोट काढली आहे. "विझवला," ते म्हणाले. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला सून बसली होती. तिला दिसलंच नसेल अशा समजुतीनं त्यांनी पुन्हा सांगितलं, "विझवला हिनं दिवा!"

"हो, बाबा," सून म्हणाली. तिचे दोन्ही हात मांडीवर घट्ट मिटलेले होते.

आता ही वाटाडी कोण आणि दिवा कसला, ते आधी सांगून टाकलेलं बरं. नाहीतर एका सीरियलपायी एवढा गहजब कशाला, असं कुणीही विचारील, आणि विचारणाऱ्याचं काही चुकणार नाही.

दर रविवारी, संध्याकाळच्या चहाला, अंतराळात भरकटलेल्या एका जहाजाची गोष्ट टीव्हीवर लागायची. त्यातल्या माणसांची नावं जिभेला न पेलणारी. काटेवाल्यांची बायको हयात होती तेव्हा तिनं एका बैठकीत सगळ्यांचं बारसं उरकलं होतं. पांढऱ्या दाढीचा, जहाज चालवणारा तो कप्तान. ताऱ्यांचे नकाशे वाचून रस्ता शोधणारी त्याची सून, ती वाटाडी. कायम कुठल्यातरी नळीत डोकं खुपसून बसलेला मेकॅनिक, तो खुडबुड्या. कप्तानाच्या मुलाला मात्र तिनं नाव दिलं नाही. हनुवटी अगदी आपल्या पोराची आहे याची, असं म्हणाली आणि त्याला नुसतं 'पोरगा' म्हणू लागली.

पुढे बायको गेली. मग एके दिवशी कामावरून स्कूटरनं घरी येताना मुलगाही गेला. घरात उरले सासरा आणि सून. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, सीरियल लिहिणाऱ्यांना काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, कप्तानाचा पोरगा जहाजाबाहेर दुरुस्तीला गेला, दोर तुटला, आणि तो काळोखात वाहत दिसेनासा झाला.

त्या भागापासून वाटाडी नकाशाच्या टेबलावर एक हिरवा दिवा लावायची. दिवा जळत असेपर्यंत जहाजाची हाक दूरवर जात राहायची, की आम्ही इथे आहोत. उत्तर कधी यायचं नाही. कप्तान दारात यायचा, दिवा लागलेला बघायचा, काही न बोलता माघारी फिरायचा आणि भाग संपायचा.

अंतराळातल्या गोष्टीत माणूस मेला म्हणजे मेलाच असं थोडंच असतं? तिथे काळाला भोकं पडतात, मागचं पुढे होतं, गेलेला माणूस दाढी वाढवून एके दिवशी दारात उभा राहतो. काटेवाल्यांना हे पक्कं ठाऊक होतं. स्वतःच्या मुलाबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती, त्याला ते आपल्या हातांनी पोचवून आले होते. पण दर रविवारी तो हिरवा दिवा लागला की त्यांच्या छातीतली एक गाठ जराशी सैल व्हायची. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

काटेवाले म्हणजे दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करणारे. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. तिथे पारडी टांगलेली, स्प्रिंगा डब्यांत भरलेल्या, आणि पितळी वजनांची पेटी खिडकीशी. केसाएवढा फरक पडला तरी मान तिरकी करून सुई कुठे अडते ते सांगणारा माणूस. पण घरातल्या माणसाशी सरळ चार शब्द बोलायचे म्हटलं की त्यांची दातखीळ बसायची. मुलगा होता तोवर बडबड त्याची, हे दोघं ऐकणारे. तो गेल्यावर घरात बोलायचं कसं, हाच प्रश्न पडला.

तो प्रश्न सीरियलनं सोडवला. मुलगा गेल्याला वर्ष उलटलं तरी सुनेला माहेरी जायचं आहे का हे विचारायला काटेवाल्यांना तोंड नव्हतं. तेव्हा एका रविवारी ते टीव्हीकडे बघत म्हणाले होते, "वाटाडीनं काय करावं? दुसऱ्या जहाजावर जावं का तिनं?" सुनेनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "तिला हे जहाज सवयीचं झालंय, बाबा." विषय तिथे मिटला. काटेवाल्यांना जिना चढताना धाप लागायची, तेव्हा सून म्हणाली, "कप्तानानं एकदा छाती तपासून घ्यायला हवी." ते दुसऱ्या दिवशी मुकाट दवाखान्यात गेले. असं त्यांचं चाललं होतं. महत्त्वाचं सगळं कप्तान आणि वाटाडीच्या तोंडून, आणि बाकी "मीठ संपलंय" नि "छत्री घेऊन जा". सोफ्यावर दोघं दोन टोकांना बसायची, मधल्या जागेवर बिस्किटांची बशी. ती मधली जागा मुलाची होती, एवढं दोघांनाही न बोलता माहीत होतं.

आणि आता काटेवाल्यांना जे माहीत नव्हतं ते.

वर्षभरापूर्वी घरातला फ्रीज बिघडला होता, तेव्हा दुरुस्तीला एक माणूस आला. चाळिशीकडे झुकलेला, एकटा, बोलायला मोजका. बूट पायपुसण्यावर इतके पुसायचा की पायपुसणं झिजेल अशी भीती वाटावी. पहिल्या दिवशी गॅस भरून गेला. मग दाराचं रबर सैल आहे म्हणून आला. मग आवाज येतो का बघायला आला, मग आवाज येत नाही ना ते बघायला आला. काटेवाल्यांना तो फार आवडला. ते त्याला पितळी वजनं दाखवायचे, चहा पाजायचे, आणि तो दारात दिसला की आत हाक द्यायचे, "सूनबाई, आला गं आपला खुडबुड्या!" ग्रॅमभराची खोट ओळखणाऱ्या माणसाला, धडधाकट फ्रीजसाठी कुणी इतक्या खेपा घालत नाही, एवढं कळू नये? नाही कळलं. डोळ्यांसमोर होतं आणि नाही कळलं.

सून चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. फ्रीजवाला संध्याकाळी दुकानाबाहेर थांबू लागला होता. दोघं कोपऱ्यापर्यंत बरोबर चालत यायची, एवढंच. मग त्याच्या कंपनीनं त्याला दुसऱ्या गावी पाठवायचं ठरवलं, आणि त्यानं तिला सरळ विचारलं, लग्न करून बरोबर येशील का. तिला यायचं होतं. तिला इतकं यायचं होतं की तिचं तिलाच भय वाटलं. बाबांशी रविवारी बोलते आणि सोमवारी सांगते, असं ती त्याला म्हणाली. आठवडाभर काचा घासताना ती वाक्यं जुळवत होती आणि मोडत होती.

तो रविवार हाच. आणि योग असा, की नेमकं आजच्याच भागात वाटाडीनं खुडबुड्याचा काळा, तेलकट हात हातात घेतला, टेबलापाशी गेली आणि हिरवा दिवा विझवला. सुनेला वाटलं, देव पावला. आता वाक्यं जुळवायला नकोत. आता नेहमीसारखं बोलता येईल.

"बाबा," ती म्हणाली. "वाटाडीचं काय चुकलं?"

"काय चुकलं?" काटेवाले ताडकन वळले. "काय चुकलं म्हणून विचारतेस? तो पोरगा तिकडे काळोखात एकटा भटकतोय आणि ही इकडे दिवा विझवून मोकळी! लाज कशी वाटली नाही हिला? तेही सासऱ्याच्या डोळ्यांदेखत!"

"तो बराच काळ नाही आलेला, बाबा."

"नाही आला म्हणून काय झालं? येणारच नाही कशावरून? आणि तो खुडबुड्या! याला मी साधा समजत होतो. गळकी नळी दुरुस्त करायला आला आणि घरच उचकटून घेऊन चालला! खाली मान घालून वावरणारी माणसंच अशी पोचलेली असतात."

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. काटेवाल्यांनी तो पाहिला असता तर ते तिथल्या तिथे थांबले असते. पण त्यांचे डोळे पडद्यावर, विझलेल्या दिव्यावर होते. त्यांच्या छातीतली गाठ आवळत चालली होती आणि ते त्या वेदनेनं बोलत होते.

"मग कप्तानानं काय करायला हवं?" तिनं विचारलं. अगदी हळू.

"काय करायचं? सांगायचं तोंडावर! जायचं तर जा, पण माझ्या जहाजावर पुन्हा पाऊल ठेवू नकोस. मी मेलो तरी बघायला येऊ नकोस."

"बरं," सून म्हणाली.

ती उठली. तिनं दोन्ही कप उचलले. काटेवाल्यांच्या कपात तळाशी बिस्किटाचा चिखल बसला होता, तो बोटानं काढून तिनं कप विसळले आणि उपडे घातले. आतून नळाचा आवाज येत राहिला. काटेवाले टीव्हीसमोर बसून एकटेच पुटपुटत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते नाक्यावरच्या न्हाव्याकडे दाढीला गेले. न्हावीही त्याच सीरियलचा भक्त. गालाला फेस लागतो न लागतो तोच दोघांची जुंपली.

"अहो काटेवाले, मान हलवू नका, हातात वस्तरा आहे माझ्या," न्हावी म्हणाला. "आणि किती दिवस दिवा लावायचा माणसानं? बाई जिवंत आहे की नाही? जिवंत माणसाला भूक लागते."

"भूक लागते म्हणून खुडबुड्या?"

"मग काय कप्तानाच्या दाढीकडे बघत जन्म काढायचा तिनं? कप्तान म्हातारा. आज आहे, उद्या नाही. त्याच्यामागं त्या पोरीनं कुणाशी बोलायचं? दिव्याशी?"

काटेवाले गळ्याचा टॉवेल ओढून काढून उभे राहिले. "माझी दाढी तुझ्याकडे पुन्हा नाही," असं बजावून ते बाहेर पडले. एक गाल गुळगुळीत, एकावर फेस. लोक वळून बघत होते, त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

घरी आले तर स्वयंपाकघरात दिवा नव्हता. सून फ्रीजसमोर जमिनीवर पाय दुमडून बसली होती. फ्रीजवाला काम करताना बसायचा, त्याच जागी.

"अंधारात काय बसलीस?"

"काही नाही. फ्रीजचा आवाज ऐकत होते."

"बिघडला की काय परत? बोलावू का खुडबुड्याला?"

"नको," ती म्हणाली. "आता चांगला चालतोय." मग तिनं दिवा लावला, त्यांच्या अर्ध्या दाढीकडे बघितलं आणि टॉवेल आणून दिला. एरवी ती खो खो हसली असती. आज का हसली नाही, हा प्रश्न काटेवाल्यांना पडायला हवा होता. पण त्यांच्या डोक्यात न्हावी बसला होता.

त्या दुपारी तिनं फ्रीजवाल्याला नकार दिला होता. कारण विचारलं तेव्हा सासरे काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगितलं. त्यांना सगळं कळलंय, तोंडावर बोलवत नाही म्हणून सीरियलच्या आडून बोलले, असं म्हणाली. तो पुन्हा विनवायला आला, तेव्हाही तिनं नाहीच म्हटलं. तो गेला.

काटेवाले मात्र स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी टीव्हीच्या ऑफिसात फोन लावला. फोनवरच्या मुलीला त्यांनी कप्तानाचं दुःख पहिल्यापासून समजावून सांगितलं आणि दिवा पुन्हा लागलाच पाहिजे असं ठणकावलं. आपलं म्हणणं पोचवते, असं ती म्हणाली. असे फोन करणारे ते एकटेच नव्हते म्हणे. थोड्याच आठवड्यांत सीरियल नेहमीसारखी विश्रांतीला गेली. पुढचा मोसम सुरू व्हायला बरेच महिने होते.

ते महिने फार वाईट गेले. रविवारी संध्याकाळी दोघं सोफ्याच्या दोन टोकांना सवयीनं बसायची आणि बंद टीव्हीकडे बघून चहा प्यायची. बोलायला ना कप्तान होता ना वाटाडी. सून वाळत चालली. दुकानात जास्तीचं काम मागून घेऊ लागली, घरी आली की डोळे दुखतात म्हणून भिंतीकडे तोंड करून पडायची. काटेवाल्यांच्या ते लक्षात आलं, नाही असं नाही. त्यांनी निष्कर्षही काढला. सीरियल बंद आहे ना, म्हणून करमत नाही बिचारीला. सुरू होऊ दे पुन्हा, येईल माणसात. या शोधावर ते इतके खूश झाले की नव्या मोसमाची तारीख त्यांनी वजनांच्या पेटीच्या झाकणावर खडूनं लिहून ठेवली.

त्या तारखेच्या आदल्या आठवड्यात फ्रीज खरोखरच बंद पडला. सून कामावर गेली होती. काटेवाल्यांनी कंपनीत फोन केला आणि खुडबुड्याची वाट बघत बसले, तर दारात वेगळाच माणूस. ढेरपोट्या, तोंडाळ, बूट न पुसता आत येणारा.

"पहिले यायचे ते कुठे गेले?" काटेवाल्यांनी विचारलं.

"तो होय? तो बदलीवर गेला. बरेच महिने झाले." त्यानं फ्रीज भिंतीपासून ओढला, मागची बाजू उघडली आणि डोकं आत घातलं. "हे इतक्या वेळा कुणी उघडलं हो? स्क्रूंची डोकी झिजलीत. आणि बघावं तर बदललेलं काहीच नाही. उगाच उघडायचं, उगाच लावायचं. काय बघत होता यात?"

काटेवाल्यांनी वाकून स्क्रूंची झिजलेली डोकी पाहिली.

"गुणी माणूस होता पण," ढेरपोट्याची टकळी सुरूच होती. "त्याचं लग्न जमत होतं इथे. एक विधवा बाई. तीही तयार होती. तर म्हणे सीरियल आडवी आली."

"काय आडवी आली?"

"सीरियल! टीव्हीवरची! निरोपाच्या दिवशी सांगितलं त्यानं. आम्हाला हसू आवरेना आणि त्याच्या डोळ्यांत पाणी. त्या बाईचा सासरा म्हणे टीव्ही बघता बघता तिला आडून बोलला. जायचं तर जा, पण माझ्या जहाजावर पुन्हा पाऊल ठेवू नकोस. जहाजावर! आता सांगा, घरात जहाज कुठून आलं?" तो हसला. "सरळ सांगायचं ना बाबा, माझी भाकरी कोण भाजणार म्हणून. पाना द्या जरा तो."

काटेवाल्यांनी पाना दिला. मग ते पुढच्या खोलीत आले आणि खुर्चीवर बसले. समोर एक काटा दुरुस्तीला होता, त्यांच्या बसण्याच्या धक्क्यानं त्याची सुई थरथरत होती. ती थांबेपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले. आपण काय काय बोललो ते त्यांना एकेक आठवू लागलं. लाज कशी वाटली नाही. घरच उचकटून घेऊन चालला. मी मेलो तरी बघायला येऊ नकोस. आणि ती "बरं" म्हणाली होती. एवढ्या सगळ्यावर फक्त "बरं".

ढेरपोट्या कधी गेला ते त्यांना कळलं नाही. संध्याकाळी सून आली, तेव्हा ते दारापर्यंत गेले. तोंड उघडलं. "मीठ संपलंय," ते म्हणाले. मीठ डबाभर होतं. तिनं डबा उघडून बघितला, त्यांच्याकडे बघितलं आणि झाकण लावून टाकलं. रविवारी बोलू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. रविवारी सीरियल असेल. वाटाडीचं बरोबर होतं, माझं चुकलं, असं म्हणू, तिला कळेल. म्हातारा गाढवच म्हणायचा. ज्या रस्त्यानं घात झाला त्याच रस्त्यानं दुरुस्ती करायला निघाला होता.

रविवार आला. चहा, बिस्किटं, दोन टोकं. जहाज पडद्यावर आलं. काटेवाल्यांनी वाक्य तयार ठेवलं होतं, नुसती वाटाडी आणि खुडबुड्या एकत्र दिसायची खोटी होती.

पण लिहिणाऱ्यांनी लोकांचं ऐकलं होतं. पहिल्याच प्रसंगात खुडबुड्या आपली पेटी भरत होता. आपण इथे नको होतो, असं काहीसं तो म्हणाला, छोट्या यानात बसला आणि निघून गेला. वाटाडी खिडकीशी उभी राहिली. मग ती टेबलापाशी आली आणि तिनं हिरवा दिवा लावला. संगीत उंच चढलं. दारात कप्तान आला, त्यानं दिवा पाहिला आणि समाधानानं मान हलवली.

काटेवाल्यांनी जे फोन करून मागितलं होतं ते सगळं त्यांना मिळालं. त्यांना कप्तानाची ती हलणारी मान बघवेना. ते उठले आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

"काय झालं?" सून म्हणाली. चालू भागात टीव्ही बंद होण्याची त्या घरातली ही पहिलीच वेळ.

"सूनबाई." पुढचं येईना. मग आलं ते सगळं एकदम आलं. "मी वाटाडीबद्दल बोलत होतो. तेव्हा. तिनं दिवा विझवला तेव्हा. सीरियलमधल्या वाटाडीबद्दल. तुझ्याबद्दल नव्हतो बोलत. मला काही ठाऊकच नव्हतं गं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "ठाऊक नव्हतं? तुम्हीच तर त्याला खुडबुड्या म्हणायचात."

"ते आपलं गमतीनं."

"आणि जहाज?"

"जहाज म्हणजे जहाज! टीव्हीतलं!"

सून हसली. मोठ्यानं हसली, आणि ते हसू मध्येच तुटलं. तिनं तोंडावर हात दाबून धरला. "मला वाटलं, तुम्ही मला सांगताय," ती म्हणाली. "नेहमीसारखं. मी म्हटलं, बाबांना कळलंय सगळं. आणि तुम्ही खरंच वाटाडीबद्दल बोलत होतात! मग माझ्याबद्दल कधी बोलणार होतात, बाबा?"

काटेवाल्यांना उभं राहवेना. ते सोफ्यावर आपल्या टोकाला बसले. "फोन लाव त्याला," ते म्हणाले. "आत्ता लाव. नाहीतर मला दे, मी बोलतो. मी पाय धरतो त्याचे."

"काय सांगाल? सासऱ्याचं मत बदललंय म्हणून? आणि पुढच्या रविवारी पुन्हा बदललं तर?" तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "त्याचं तिकडे लग्न ठरलंय. त्यानंच कळवलं. चांगली आहे म्हणे ती."

बशीतली बिस्किटं तशीच होती. काटेवाल्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसण्याचंही त्यांना भान नव्हतं.

"एवढं का ऐकलंस माझं?" ते म्हणाले. "मी कोण लागून गेलो? निघून जायचंस. म्हातारा बोंबलत बसला असता चार दिवस."

"वाटाडी दिवा कुणासाठी लावते, बाबा?"

"पोरग्यासाठी. दुसऱ्या कुणासाठी?"

"तो येणार नाही हे तिला केव्हाच कळलंय. नकाशे तीच वाचते ना? तिला नाही कळणार तर कुणाला?" सून बंद पडद्याकडे बघत होती. "कप्तान रोज दारात येऊन बघतो, म्हणून लावते ती. त्याच्यासाठी."

काटेवाल्यांनी मान खाली घातली. इतकी वर्षं ती सीरियल त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिली होती. मधल्या जागेवरची बशी त्यांनी उचलली, खाली ठेवली, आणि रिकाम्या जागेवर नुसता हात ठेवून बसले.

"कप्तानानं तिला सांगायला हवं होतं," शेवटी ते म्हणाले. दुसरी भाषा त्यांना येतच नव्हती. "विझव म्हणावं. पुरे झालं, विझव आता."

"तेव्हा सांगितलं असतं तर विझवला असता तिनं," सून म्हणाली. तिनं दोन्ही कप उचलले आणि ती आत गेली. नळ सुरू झाला. स्वयंपाकघरातून दुरुस्त झालेल्या फ्रीजचा आवाज येत होता, अगदी व्यवस्थित, कुठेही न अडखळता.